इंग्लंडमधल्या लॉ सेंटरमध्ये सॉलिसिटर म्हणून काम करायचं असेल तर

जिल्हा न्यायालयात किंवा हायकोर्टात चार-पाच वर्षं वकिली करून, मग नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या नोकरीमागे इंग्लंडला आलेली बरीच मराठी मंडळी भेटतात. सनद फायलीत असते, काळा कोट कपाटात असतो आणि पुढचं काही सुचत नसतं. कोणीतरी सांगतं की सिटीतल्या मोठ्या फर्मना अर्ज कर. पाच-पन्नास नकार येतात, मग माणूस कुठल्यातरी बँकेत कम्प्लायन्सला लागतो.

त्यातल्या ज्यांना भाडेकरू, कामगार, निर्वासित यांच्या बाजूने उभं राहायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी स्वतः या वाटेने आलो आणि आता एका लॉ सेंटरमध्ये घरांच्या केसेस बघतो. इथलं सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी.

१. लॉ सेंटर म्हणजे काय ते आधी समजून घ्या

पहिलं लॉ सेंटर १९७० च्या जुलैमध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागात, गोलबोर्न रोडवरच्या एका जुन्या खाटकाच्या दुकानात सुरू झालं. पीटर कँडलर हे त्याचे संस्थापक सॉलिसिटर. गरीब वस्तीतल्या माणसाने वकिलाकडे जाण्याऐवजी वकिलाने वस्तीत दुकान थाटावं, अशी ती कल्पना. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर जळाला तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या मदतीला हेच केंद्र होतं.

लॉ सेंटर ही धर्मादाय संस्था असते. कारभार स्थानिक लोकांच्या समितीकडे, वकील पगारी, अशिलाकडून सल्ल्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आपल्याकडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम केलं असेल तर हे ओळखीचं वाटेल, पण फरक मोठा आहे. लॉ सेंटर सरकारी नाही. अनेक केंद्रांना स्थानिक कौन्सिलचं (आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेचं) अनुदान असतं आणि तेच केंद्र दुसऱ्या दिवशी त्याच कौन्सिलला कोर्टात खेचतं. नव्या माणसाला यात अवघडल्यासारखं होतं. होऊ देऊ नका, अनुदान देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

पैसा येतो तो लीगल एडच्या (ऐपत नसलेल्यांना सरकारी खर्चाने वकील देण्याच्या योजनेच्या) करारातून, कौन्सिलकडून आणि ट्रस्ट-फाउंडेशनांकडून. लीगल एड १९४९ च्या कायद्याने आलं. लास्पो या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१२ च्या कायद्याने एप्रिल २०१३ पासून त्याची मोठी छाटणी झाली. सरकारी भत्त्यांचे बहुतेक वाद, भेदभाव सोडून नोकरीचे वाद, आश्रय सोडून बरंचसं इमिग्रेशन, हे सगळं बाहेर गेलं. त्यामुळे तुमच्या शेजारच्या टेबलावरची भत्त्यांची सल्लागार बाई तीन वर्षांच्या एखाद्या अनुदानावर असेल आणि ते संपलं की तिची नोकरीही संपेल. मुलाखतीत बेधडक विचारा की ही जागा कोणत्या पैशावर आहे आणि कधीपर्यंत.

२. पात्रता: तुम्ही कोणत्या गटात बसता?

मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देऊन सॉलिसिटर होता येतं, पण ती पदवी इथे आपोआप चालत नाही. इथे नोंदणी करते सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे एसआरए, आणि २०२१ पासूनची परीक्षा आहे सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, म्हणजे एसक्यूई.

बार कौन्सिलची सनद असेल तर तुम्ही ‘क्वालिफाइड लॉयर’ या गटात येता. एसक्यूईचे दोन्ही टप्पे द्यायचे, पण दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट तुम्हाला नाही. दुसऱ्या टप्प्यातून सूट मागता येते. त्यासाठी साधारण दोन वर्षांचा वकिलीचा अनुभव कागदोपत्री दाखवावा लागतो.

नुसती एलएलबी असेल, सनद नसेल, तर परीक्षेबरोबर दोन वर्षांचा ‘क्वालिफाइंग वर्क एक्सपिरियन्स’ लागतो. तो जास्तीत जास्त चार संस्थांमध्ये मिळून चालतो. लॉ सेंटरमधलं बिनपगारी कामही त्यात धरतात, फक्त ते खरं कायद्याचं काम असलं पाहिजे आणि एखाद्या सॉलिसिटरने त्यावर सही दिली पाहिजे. सही कोण देणार हे पहिल्या आठवड्यात ठरवून घ्या. माणसं नोकऱ्या सोडून जातात, मग दोन वर्षांचा हिशेब कोण देणार?

पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न. दुसऱ्यात १६ प्रात्यक्षिकं, त्यातली चार तोंडी, आणि तोंडी भाग इंग्लंड-वेल्समध्येच द्यावा लागतो. पहिली परीक्षा दिल्यापासून सहा वर्षांत सगळं संपवायचं, प्रत्येक टप्प्याला तीन संधी. दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जाते, क्लासचे पैसे वेगळे. करार, अपकृत्य, ट्रस्ट हे विषय आपल्याला जड जात नाहीत. जड जातो जमिनीचा कायदा, कारण इथली लीजहोल्ड आणि नोंदणीची पद्धत निराळी. आणि अशिलाच्या पैशाचे हिशेब. या दोघांना दुप्पट वेळ द्या.

फीसाठी मदत मिळू शकते. सोशल वेल्फेअर सॉलिसिटर्स क्वालिफिकेशन फंड हा याच क्षेत्रात आधीपासून काम करणाऱ्यांची एसक्यूईची सोय करतो, आणि जस्टिस फर्स्ट फेलोशिपमधून पगारी प्रशिक्षणाच्या जागा निघतात. दोन्हीकडे स्पर्धा आहे. अर्जात सामाजिक बांधिलकीवर निबंध लिहिण्यापेक्षा कुठल्या केंद्रात काय काम केलं ते लिहा.

जमवायची कागदपत्रं:
– एलएलबीची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्र
– सनद आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाचं ‘गुड स्टँडिंग’चं पत्र
– सूट मागणार असाल तर सीनिअरची पत्रं, स्वतः चालवलेल्या केसेसचे आदेश, तुमच्या सहीचे अर्ज
– चारित्र्य तपासणीसाठी लागणारी माहिती: जुने पत्ते, कुठे गुन्हा वा शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास त्याचा तपशील
– मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर

गुड स्टँडिंगचं पत्र भारतात असतानाच मिळवा. आणि पूर्ण वेळ पगारी नोकरी लागली की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे तिकडे कळवावं लागतं, हेही लक्षात असू द्या. हे न कळवणारे पुष्कळ आहेत, पण इथे चारित्र्याच्या फॉर्मवर सही करताना ते महागात पडू शकतं.

३. व्हिसाचं गणित

स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगाराची अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे. बऱ्याच लॉ सेंटरमध्ये नव्या सॉलिसिटरला एवढा पगार नसतो, शिवाय छोट्या संस्थेकडे प्रायोजक होण्याचा परवानाही नसतो. म्हणून केंद्राच्या भरवशावर भारतातून यायचा बेत करू नका. डिपेंडंट, ग्रॅज्युएट किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा हातात असेल तरच ही वाट सरळ आहे.

४. आत शिरायचं कसं

बहुतेक केंद्रांत संध्याकाळचं क्लिनिक चालतं. बाहेरच्या फर्ममधले वकील येऊन अर्धा-पाऊण तास सल्ला देतात आणि स्वयंसेवक समोरच्याची हकीकत लिहून घेतात. तिथे स्वयंसेवक व्हा. कंटाळवाणं वाटेल, पण इथला माणूस आपली अडचण कोणत्या शब्दांत सांगतो हे कळायला दुसरा मार्ग नाही. त्यानंतर केसवर्कर किंवा पॅरालीगलची जागा.

नोंदणी होईपर्यंत स्वतःला सॉलिसिटर म्हणवून घेणं हा १९७४ च्या सॉलिसिटर्स कायद्याखाली गुन्हा आहे. ईमेलखाली, लिंक्डइनवर ‘अ‍ॅडव्होकेट, भारत’ एवढंच लिहा.

विषय कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे: घरं. लीगल एड टिकून आहे, कोर्टात उभं राहायला मिळतं आणि भत्ते, कर्ज, भेदभाव सगळं त्यात येतं. इमिग्रेशनकडे आपली माणसं आपसूक वळतात, पण लीगल एडखाली ते काम करायला लॉ सोसायटीची वेगळी अ‍ॅक्रेडिटेशन परीक्षा द्यावी लागते.

५. पहिल्या फोनवर तारीख काढा

भारतातल्या वकिलाची पहिली सवय अशी की आधी हकीकत पूर्ण ऐकायची, मग कायदा शोधायचा, आणि उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज. ही सवय इथे पहिल्या दिवशी सोडा. माणूस काय सांगतो ते नंतर. आधी विचारायचं: पत्र कोणाचं आलं, त्यावर तारीख काय, तुमच्या हातात कधी पडलं? लिफाफा असेल तर तोही ठेवायला सांगा.

मी टेबलासमोर चिकटवलेली यादी अशी आहे:

– कौन्सिलने बेघर म्हणून मदत नाकारली: फेरविचार मागायला २१ दिवस, हाउसिंग अ‍ॅक्ट १९९६ कलम २०२. फेरविचारही विरुद्ध गेला तर काउंटी कोर्टात अपिलाला पुन्हा २१ दिवस, कलम २०४.
– भत्त्याचा निर्णय: फेरविचाराला एक महिना, त्यानंतर ट्रायब्युनलला आणखी एक महिना.
– देशात असताना इमिग्रेशनचं अपील: १४ दिवस.
– नोकरीचा दावा: आजवरचा नियम तीन महिने उणे एक दिवस, आणि त्याआधी एकास या समेट घडवणाऱ्या संस्थेकडे जाणं सक्तीचं. २०२५ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टमध्ये ही मुदत सहा महिने करायची तरतूद आहे; ती तुमच्या अशिलाच्या घटनेच्या दिवशी लागू होती का, हे प्रत्येक केसमध्ये तपासायचं.
– ज्युडिशियल रिव्ह्यू (सरकारी निर्णयाला कोर्टात आव्हान): तातडीने, आणि काही झालं तरी तीन महिन्यांत. ‘तीन महिने आहेत’ असं समजून बसलात तर उशीर केला म्हणून हाकलतील.
– बेलिफची नोटीस हातात: घर खाली करणं थांबवण्याचा कोर्टाकडचा अर्ज, एन २४४ फॉर्म, आजच.

मुदत आज संपत असेल तर केस घ्यायची की नाही हा प्रश्न बाजूला ठेवा. चार ओळींचं फेरविचाराचं पत्र लिहून अशिलाकडून ईमेल करवा, कारणं मागाहून देता येतात. कलम २०४ च्या अपिलात मात्र असं चार ओळींत भागत नाही. तिथे सही-शिक्क्याचं काम लागतं, म्हणून तो फोन आला की हातातलं बाकी सगळं बाजूला.

६. लीगल एडचा फॉर्म

सरळ सांगतो, या कामातला सर्वांत रटाळ भाग हाच आणि केंद्रं बुडतात तीही इथेच. अशिलाने फॉर्मवर सही करण्याआधी आणि उत्पन्नाचा पुरावा फायलीत येण्याआधी केलेल्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. ऑडिटला माणूस आला की तो तुमचा युक्तिवाद वाचत नाही, बँक स्टेटमेंटची तारीख वाचतो.

लीगल एडच्या पात्रतेचे आकडे पाठच करा. अशिलाचं महिन्याचं एकूण उत्पन्न २,६५७ पौंडांपर्यंत, वजावटीनंतर उरणारं ७३३ पर्यंत, आणि साधारणपणे शिल्लक-मालमत्ता ८,००० पर्यंत. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्याचं उत्पन्न तपासावं लागत नाही, पण शिल्लक तपासावी लागते. नवखे नेमकं हेच विसरतात. आपल्या लोकांत हमखास निघणारी गोष्ट म्हणजे गावाकडची जमीन किंवा भावांबरोबर सामायिक फ्लॅट. अशील तो सांगत नाही, कारण त्याच्या लेखी तो ‘वडिलांचा’ असतो. तुम्हीच विचारा.

पहिल्या भेटीला अशिलाने आणायचं:
– ओळखपत्र आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर
– सगळ्या खात्यांची तीन महिन्यांची स्टेटमेंटं, भारतातली खातीही
– पगारपत्रकं किंवा युनिव्हर्सल क्रेडिटच्या जर्नलमधलं महिन्याचं विवरण
– भाडेकरार, भाड्याचा खातेउतारा, आलेली प्रत्येक नोटीस

प्राथमिक सल्ल्याला ठरावीक रक्कम मिळते. घराच्या कामात तुमचा वेळ त्या रकमेच्या तिप्पट झाला तरच ताशी दर लागतो. म्हणून प्रत्येक फोनची नोंद सहा-सहा मिनिटांच्या हिशेबात ठेवायची. कोर्टाच्या कामासाठी लीगल एडचं प्रमाणपत्र ऑनलाइन मागावं लागतं. २०२५ मध्ये लीगल एड एजन्सीवर सायबर हल्ला होऊन ही यंत्रणा कित्येक महिने बंद पडली होती. अर्जाची प्रत केंद्रातही ठेवायची.

७. ड्यूटी डेस्क

ऑगस्ट २०२३ पासून घर जाण्याची लेखी नोटीस मिळालेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, मोफत सल्ला मिळतो. त्यात कर्ज आणि भत्त्यांचाही सल्ला येतो. याच योजनेत सुनावणीच्या दिवशी काउंटी कोर्टात ड्यूटी वकील बसतो. ती जागा मिळाली तर सोडू नका.

ताब्याच्या दाव्यांची यादी लांबलचक असते आणि एकेका केसला पाच-दहा मिनिटं मिळतात. अशील सुनावणीच्या वीस मिनिटं आधी भेटतो, कधी लहान मूल कडेवर घेऊन. कोर्टाची पाकिटं त्याने न फोडता पिशवीत भरून आणलेली असतात. ‘पुढची तारीख घेऊ’ हा आपला हुकमी पत्ता इथे चालत नाही. तहकुबी हवी तर बचाव काय आहे ते सांगावं लागतं.

पहिला प्रश्न एकच: भाडं का थकलं? दहातल्या बहुतेक वेळा उत्तर भत्त्यात सापडतं. युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता यायलाच पाच आठवडे लागतात, मोठा मुलगा कमवायला लागला म्हणून कपात होते, नाहीतर घरभाड्याचा भाग मागायचा राहून गेलेला असतो. ते सांगितलं की न्यायाधीशांचा सूर बदलतो.

मग नोटीस तपासा. १ मे २०२६ पासून खासगी घरमालकाची बिनकारणाची, हाउसिंग अ‍ॅक्ट १९८८ च्या कलम २१ ची नोटीस रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने बंद केली. आता कारण देऊन त्याच कायद्याच्या कलम ८ खालीच जायचं. सक्तीच्या थकबाकीच्या कारणाला आता दोनऐवजी तीन महिन्यांची थकबाकी लागते, आणि ती नोटिशीच्या दिवशीही हवी आणि सुनावणीच्या दिवशीही. म्हणजे सुनावणीआधी अशिलाने थोडी रक्कम भरून थकबाकी तीन महिन्यांच्या खाली आणली की ते कारण पडतं. कॉरिडॉरमध्ये हिशेब करा, फोनवरून पैसे भरायला लावा, पावतीचा स्क्रीनशॉट घ्या. कौन्सिलच्या घरात मात्र थकबाकीत ताबा देणं वाजवी आहे का हे न्यायाधीश ठरवतात, तिथे तडजोडीला वाव जास्त. चालू भाडं आणि थकबाकीपोटी आठवड्याला ठरावीक पौंड, या अटीवर आदेश स्थगित करून घेणं हे रोजचं काम. अशिलाला झेपेल तेवढाच आकडा बोला. न झेपणारा हप्ता कबूल केला तर दोन महिन्यांनी बेलिफ दारात.

दोन बारीक गोष्टी. काळा कोट आणि बँड नको, साधा सूट चालतो. आणि ‘माय लॉर्ड’ तर नकोच: डिस्ट्रिक्ट जजना डिसेंबर २०२२ पासून नुसतं ‘जज’ म्हणतात. जिभेला वळण लागायला वेळ लागतो, घरी मोठ्याने सराव करा.

८. आपली माणसं

तुम्ही मराठी आहात हे कळलं की फोन सुरू होतात. स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली गोव्याची बरीच कुटुंबं आहेत. त्यांचे प्रश्न बहुधा ईयू सेटलमेंट स्कीमचे, म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना इथे राहू देणाऱ्या योजनेचे असतात: ३० जून २०२१ ची मुदत चुकली, सासूबाईंचा अर्ज राहिला, प्री-सेटलचं (तात्पुरत्या परवानगीचं) सेटल (कायम) झालं नाही. उशिरा अर्ज करता येतो, पण उशिराचं सबळ कारण पुराव्यासकट लागतं. अर्जाला सरकारी फी नाही. कोणी एजंटाने ‘फी’ घेतली असेल तर ती त्याच्या खिशात गेली.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणी व्हिसाचं विचारलं तर हसून केंद्राची वेळ सांगा. १९९९ च्या कायद्याप्रमाणे इमिग्रेशनचा सल्ला नियमनाबाहेर राहून देणं गुन्हा ठरतो, तो मोफत चालवलेल्या सेवेलाही लागू होतो. आणखी एक कारण आहे: ज्याला रांगेत सल्ला दिलात त्याची बायको उद्या तुमच्या केंद्रात मारहाणीची तक्रार घेऊन आली तर तुम्हाला तिची केस घेता येणार नाही.

दुभाषा म्हणून नवरा, दीर, शाळकरी मुलगी, कोणीही चालणार नाही. तुम्हाला भाषा येते म्हणून स्वतः मराठीत बोला, पण सहीची कागदपत्रं दाखवताना फायलीत लिहा की मजकूर कोणत्या भाषेत समजावला. अशील बाईंना एकटं बसवून विचारा, भले बाहेर नातेवाईक ताटकळत असोत. आणि ‘ताई’, ‘दादा’ म्हणून आलेल्यालाही तेच क्लायंट केअर पत्र द्यायचं, ज्यात तक्रार कुठे करायची आणि लीगल ऑम्बड्समनचा पत्ता असतो. इथे वकीलपत्रावर सही घेतली आणि झालं, असं नसतं.

दिवाळीत लाडवांचा डबा येईल. केंद्राचं धोरण बघा. बहुतेक ठिकाणी सगळ्यांसाठी टेबलावर ठेवला तर चालतो.

९. नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात

सुपरवायझर आठवड्यातून किती वेळ देणार ते लेखी घ्या. केसेसच्या संख्येला मर्यादा मागा, नाही म्हणायला लाजू नका. मुदतींची डायरी दोन जागी ठेवा, एक तुमची आणि एक केंद्राची. कायदा शोधायला महागडी वर्गणी लागत नाही: सरकारची कायद्यांची साइट, नॅशनल आर्काइव्हजची निकालांची साइट आणि शेल्टर या संस्थेची वकिलांसाठीची पानं, तिन्ही मोफत आहेत आणि रोज उघडावी लागतात.

प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेटचं नूतनीकरण दरवर्षी ऑक्टोबरमध्ये होतं. फी केंद्र भरणार की तुम्ही, हे नेमणुकीच्या पत्रात नसेल तर सही करण्याआधी विचारून घ्या.